वतन आणि मोबदला

चर्चच्या कुंपणावर फुलणारी बोगनवेल आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ज्या फ्रेंच दर्यावर्दीच्या नावावरून त्या वेलीला हे नाव मिळाले, त्याचेच नाव पॅसिफिक महासागरातील एका बेटालाही पडले आहे. लुई आंत्वान द बोगनव्हिल याचे जहाज १७६८ साली त्या बेटाच्या किनाऱ्याने पुढे गेले. जाता जाता तो आपले नाव तेवढे मागे ठेवून गेला. हे बोगनव्हिल बेट आज पापुआ न्यू गिनी या देशाचा स्वायत्त प्रदेश आहे. तेथील बहुसंख्य रहिवासी ख्रिस्ती असून त्यांत कॅथोलिकांचे प्रमाण मोठे आहे. बेटाच्या मध्यभागी, डोंगरांच्या कुशीत, पांगुना नावाचे ठिकाण आहे. एके काळी तेथे अरण्याने झाकलेले डोंगर होते. आज तेथे सुमारे दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे. जगातील सर्वांत मोठ्या उघड्या तांबेखाणींत तिची गणना होत असे. १९८९ साली ती बंद पडली.

ही कहाणी केवळ एका दूरच्या बेटाची नाही. तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि विकासाच्या प्रत्येक चर्चेत तो कधी ना कधी डोके वर काढतो. प्रश्न असा : जी वस्तू धन्याला विकावयाचीच नाही, ती पुरेसा मोबदला देऊन घेतली, तर तो व्यवहार न्याय्य ठरतो काय? आणि ती वस्तू अनेकांच्या हितासाठी घेतली, तर या प्रश्नाचे उत्तर बदलते काय?

नाबोथाचा नकार

अहाब राजा आणि नाबोथ यांची कथा आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. ईजबेलचे कारस्थान, खोटे साक्षीदार आणि निरपराध नाबोथावर पडलेले धोंडे यांवर आपले लक्ष इतके खिळून राहते की, कथेचा प्रारंभ नजरेआड होतो. वस्तुतः विचार करावयास लावणारा भाग तोच आहे. अहाबाचा पहिला प्रस्ताव वरवर पाहता अन्यायाचा नाही. तो नाबोथाला त्याच्या द्राक्षमळ्याऐवजी अधिक चांगला मळा देऊ करतो. तो नको असेल तर रोख किंमत देण्याची तयारी दाखवितो. आजच्या सरकारी भाषेत सांगावयाचे तर पर्यायी जमीन अथवा योग्य मोबदला. तरीही नाबोथ नकार देतो. किंमत कमी आहे अशी त्याची तक्रार नाही. घासाघीस करण्याचा त्याचा हेतू नाही. तो विक्रीची कल्पनाच नाकारतो.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्या मळ्यासाठी 'वतन' हा शब्द योजला आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात या शब्दाला वेठबिगारीचा आणि अपमानाचाही वास आहे, याचा विसर आपल्या समाजाला पडू नये. तथापि शास्त्रातील 'वतन' म्हणजे वाडवडिलांकडून आलेला आणि लेकरांकडे सोपवावयाचा ठेवा. मालमत्ता मालकाच्या मर्जीने विकता येते. वतनाच्या बाबतीत मधला माणूस मालक नसून विश्वस्त असतो. मागच्यांचा आणि पुढच्यांचा असा दुहेरी हक्क त्याच्या हातावर असतो. अशा माणसापुढे तुम्ही कितीही मोठा आकडा ठेवला, तरी त्याच्या मूळ अडचणीचे निराकरण होत नाही. कारण आकडा हे 'किती' या प्रश्नाचे उत्तर आहे. नाबोथाचा प्रश्न 'किती' हा नव्हताच.

पांगुना येथे काय घडले ते आता या दृष्टीने पाहू.

डोंगराची किंमत

बोगनव्हिल १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनाखाली होते. १९६४ साली रिओ टिंटो समूहातील एका ऑस्ट्रेलियन कंपनीने पांगुना परिसरात तांब्याचा शोध सुरू केला. तेथे राहणाऱ्या नासिओई भाषक लोकांची समजूत अशी होती की, जमीन ज्या कुळाची, तिच्या वरचे झाड आणि खालचा खडकही त्याच कुळाचा. कायद्याचे म्हणणे निराळे होते. भूगर्भातील खनिज सरकारचे, असे तो कायदा सांगत होता, आणि लोकांना हे प्रथमच कळत होते. १९६६ साली ऑस्ट्रेलियाचे प्रदेशविषयक मंत्री चार्ल्स बार्न्स बोगनव्हिलला आले. जमिनीच्या नुकसानीची भरपाई मिळेल, परंतु खाणीच्या उत्पन्नात स्थानिकांचा खास वाटा असणार नाही. लाभ संपूर्ण प्रदेशाचा होईल, असे त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी बोगनव्हिलचे लोकप्रतिनिधी पॉल लापुन यांनी प्रादेशिक विधिमंडळात झगडून एक दुरुस्ती संमत करून घेतली. सरकारला मिळणाऱ्या स्वामित्वधनापैकी पाच टक्के रक्कम जमीनधारकांना द्यावी, अशी ती दुरुस्ती होती. हे स्वामित्वधनच मुळी खनिजाच्या किमतीच्या सव्वा टक्का होते. सव्वा टक्क्याचे पाच टक्के, एवढ्यासाठीही झगडावे लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ऑगस्ट १९६९ मध्ये रोरोवाना येथे जे घडले, त्याने या प्रश्नाचे स्वरूप उघडे केले. खाणीसाठी लोलोहो येथे बंदर बांधावयाचे होते आणि त्यासाठी रोरोवाना गावची किनाऱ्यालगतची जमीन हवी होती. गावकऱ्यांनी ती देण्यास नकार दिला. मोजणीचे खुंट ठोकण्यास आणि बुलडोझर चालविण्यास मंडळी आली, तेव्हा गावच्या स्त्रिया पुढे झाल्या. त्यांनी खुंट उपटले, यंत्रांच्या वाटेत त्या उभ्या राहिल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालविल्या. त्याची छायाचित्रे ऑस्ट्रेलियातील वृत्तपत्रांत झळकली आणि मोठा गहजब झाला. पुढे त्या जमिनीसाठी अधिक चांगल्या अटींवर करार करण्यात आला. म्हणजे निषेधाचे फळ मिळाले, ते वाढलेल्या किमतीच्या रूपाने. स्त्रियांनी 'नाही' म्हटले होते. समोरच्याने ते 'याहून अधिक द्या' असे ऐकले.

याच ठिकाणी अन्यायाचे मूळ आहे, असे मला वाटते. नकाराचे भाषांतर भावात करणे, हा एक प्रकारचा बहिरेपणा आहे. तो दुष्टपणातूनच येतो असे नाही. अनेकदा तो सद्हेतूने, उदारपणे आणि हिशेबाच्या वह्या चोख ठेवून येतो. म्हणूनच तो ओळखणे कठीण जाते.

खाणीतून १९७२ मध्ये उत्पादन सुरू झाले. पांगुनाच्या खडकात तांब्याचे प्रमाण अत्यल्प होते. शंभर किलो खडकामागे साधारण अर्धा ते पाऊण किलो तांबे. याचा अर्थ असा की, डोंगर फोडून त्याचे पीठ करावयाचे, पाण्याच्या साहाय्याने त्यातील धातूचा अंश वेगळा काढावयाचा आणि उरलेला जवळजवळ सगळा गाळ कोठेतरी टाकावयाचा. तो टाकला नदीत. कावेराँग आणि जाबा या नद्यांतून, सतरा वर्षांत, शंभर कोटी टनांहून अधिक गाळ पश्चिम किनाऱ्यापर्यंत वाहत गेला. नदीची पात्रे उथळ झाली, पाणी पसरले, बागा व शेते गाळाखाली गेली, मासे नाहीसे झाले. मोरोनी आणि दापेरा यांसारख्या वस्त्या मूळ जागेवरून हलवाव्या लागल्या.

भरपाई दिली गेली नाही, असे म्हणता येणार नाही. गेलेली जमीन, झाडे, बागा, मासे, हलविलेली घरे या सर्वांसाठी रकमा ठरल्या आणि वाटल्याही गेल्या. शाळा, रस्ते आणि दवाखाने झाले. आरावा नावाचे नवे नगर उभे राहिले. हजारोंना रोजगार मिळाला, शेकडो तरुण कारागीर म्हणून तयार झाले. हे सारे सत्य आहे आणि ते बाजूला ठेवून केलेला निवाडा एकांगी ठरेल. तरीही झाडाची किंमत, घराची किंमत आणि माशांची किंमत यांची बेरीज डोंगराइतकी होत नव्हती. ज्या डोंगराच्या खुणांवरून कुळाच्या हद्दी सांगितल्या जात, जेथे पूर्वजांना पुरले होते, तो डोंगर कोणत्याही रकान्यात मावत नव्हता.

एकासाठी सर्व की सर्वांसाठी एक?

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. पापुआ न्यू गिनी १६ सप्टेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला. शेकडो भाषा बोलणारा, दुर्गम खोऱ्यांत विखुरलेला, अत्यंत गरीब असा तो देश. त्याच्या हाती उत्पन्नाचे मोठे साधन कोणते होते? पांगुना. १९७२ ते १९८९ या काळात खाणीतून सुमारे तीस लाख टन तांबे आणि तीनशे टनांहून अधिक सोने निघाले. देशाच्या निर्यातीपैकी सुमारे ४४ टक्के निर्यात या एका खड्ड्यातून झाली. डोंगराळ भागातील एखाद्या खेड्यात परिचारिका पोहोचली, एखाद्या मुलाच्या हाती पाटी आली, त्यामागे पांगुनाचा पैसा होता. तेव्हा एका खोऱ्यातील काही हजार लोकांच्या नकारासाठी लाखो गरिबांनी थांबावे काय? शेजाऱ्यावर प्रीती करण्याची शिकवण जमीनधारकालाही लागू होत नाही काय?

आक्षेपात तथ्य आहे. वतन म्हणजे शेजाऱ्याच्या भुकेकडे पाठ फिरविण्याचा परवाना नव्हे. पण नीट पाहिले तर या युक्तिवादात एक पाऊल गाळलेले दिसते. त्याग हा सद्गुण आहे, यात वाद नाही. मात्र त्याग नेहमी कर्तरी असतो. माणूस त्याग करतो. त्याच्याकडून करवून घेतलेल्या त्यागाला मराठीत निराळा शब्द आहे, बळी. सर्वांसाठी एकाने मरावे हे हिताचे, असा सल्ला कयफाने दिला होता. आपल्या तारणाऱ्याने जे स्वेच्छेने केले आणि कयफाने जे दुसऱ्याच्या बाबतीत ठरविले, त्या दोहोंचा परिणाम एकच दिसला तरी नीतीच्या दृष्टीने त्यांच्यामध्ये सारे आकाश पसरले आहे. सार्वजनिक हिताची हाक जमीनधारकाला घालता येते. त्याला समजावता येते, विनवता येते, त्याच्या विवेकाला आवाहन करता येते. त्याच्या वतीने 'होय' म्हणता येत नाही.

शिवाय या सार्वजनिक हिताचा हिशेबही तपासावा लागतो. खाणीच्या आयुष्यात जे उत्पन्न वाटले गेले, त्यातील सर्वांत मोठा वाटा, साठ टक्क्यांच्या आसपास, राष्ट्रीय सरकारकडे गेला. सुमारे एक तृतीयांश परदेशी भागधारकांना मिळाला. बोगनव्हिलच्या प्रांतिक सरकारला चार-पाच टक्के मिळाले आणि ज्यांचा डोंगर गेला, नदी गेली, त्या जमीनधारकांच्या वाट्याला दीड टक्क्याहूनही कमी आले. गरीब खेड्यातील पाटीचा दाखला द्यावयाचा, तर लंडन आणि मेलबर्न येथील लाभांशाचाही द्यावा लागेल. त्यागाची अपेक्षा ज्याच्याकडून सर्वाधिक केली, त्याला सर्वांत कमी आणि ज्याने काहीच सोडले नाही त्याला भरपूर, अशा वाटणीला सार्वजनिक हित हे नाव शोभत नाही.

विचारणे व्यवहार्य नसते, असेही म्हटले जाते. आपल्या देशाचा एक दाखला या ठिकाणी उपयोगी पडेल. ओरिसातील नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण करावयाची होती. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तेथील वनवासींच्या धार्मिक व सामाजिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा. त्या वर्षी बारा ग्रामसभा भरल्या. डोंगरिया कोंध लोकांनी न्यायाधीशाच्या समक्ष, आपल्या भाषेत, एकामागून एक सांगितले की डोंगर देणे नाही. बाराही ग्रामसभांचे उत्तर तेच आले. देश बुडाला नाही. विचारणे शक्य असते. उत्तर सोसण्याची तयारी मात्र हवी.

'होय' कोणाचे, 'नाही' कोणाचे?

संमती हवी एवढे म्हणून प्रश्न संपत नाही. संमती कोणाची, हा त्याहून बिकट प्रश्न आहे. बोगनव्हिलच्या बहुतेक भागात जमीन आईकडून मुलीकडे जाते. कुळ आईचे आणि जमीन कुळाची. परंतु परक्या प्रशासनाच्या आणि कंपनीच्या मनात जमीनमालकाचे जे चित्र होते ते पुरुषाचे. वाटाघाटीस बसले ते बहुतांशी पुरुष, आणि पैसे घेतले तेही बहुतांशी कुटुंबप्रमुख म्हणून नोंदलेल्या पुरुषांनी. ज्या स्त्रिया रोरोवानाला बुलडोझरपुढे उभ्या राहिल्या, त्या भावनेच्या भरात पुढे आल्या नव्हत्या. जमीन त्यांची होती.

पुढे पिढ्यांचा प्रश्न उभा राहिला. १९७९ साली जमीनधारकांची संघटना झाली आणि १९८० साली कंपनीशी भरपाईचा करार झाला. त्यातून एक विश्वस्त निधी उभा राहिला. परंतु १९६० च्या दशकात जी मुले होती ती आता मोठी झाली होती. त्यांच्या वाट्याला जमीन नव्हती आणि निधीच्या कारभारात त्यांना स्थान नव्हते. १९८७ मध्ये त्यांनी नवी संघटना काढली. पर्पेच्युआ सेरेरो अध्यक्ष झाल्या. तिचे सचिव फ्रान्सिस ओना हे एके काळी खाणीतच नोकरीस होते. वडिलांनी घेतलेल्या पैशाने मुलाचा हक्क संपतो काय, हा त्यांचा प्रश्न होता. मालमत्तेचा कायदा म्हणेल, संपतो. वतनाचा न्याय म्हणेल, वडिलांना तो विकण्याचा अधिकारच कोठे होता?

सावधपणाचे शब्द त्याही वेळी बोलले गेले होते. जॉन मोमिस हे तेव्हा कॅथोलिक धर्मगुरू होते आणि संसद सदस्यही. १९८७ साली त्यांनी कंपनीपुढे प्रस्ताव ठेवला की, एकूण उत्पन्नाच्या तीन टक्के रक्कम बोगनव्हिलला द्यावी. तो स्वीकारला गेला नाही. १९८८ मध्ये नव्या संघटनेने दहा अब्ज किना, म्हणजे त्या देशाच्या चलनात दहा अब्ज, इतकी भरपाई मागितली. हा आकडा अनेकांना वेडेपणाचा वाटला. मला तो निराळा दिसतो. ज्यांचा 'नाही' हा शब्द वीस वर्षे कोणी ऐकला नाही, त्यांनी अखेर तो समोरच्याला समजणाऱ्या एकमेव भाषेत, म्हणजे आकड्यात, उच्चारला होता.

न्याय्य गाऱ्हाणे आणि रक्त

नोव्हेंबर १९८८ मध्ये ओना यांच्या अनुयायांनी खाणीतील स्फोटके पळविली आणि विजेचे मनोरे पाडले. १५ मे १९८९ रोजी खाण बंद झाली, ती पुन्हा उघडली नाही. परंतु प्रकरण तेथे थांबले नाही. पोलीस आले, मग सैन्य आले. खेडी जाळली गेली. १९९० मध्ये बेटाची नाकेबंदी झाली आणि औषधे येण्याचे थांबले. बंडखोरांनी स्वातंत्र्य पुकारले. पुढे बोगनव्हिलचे लोक आपापसांतही लढले. जवळजवळ दहा वर्षे चाललेल्या या संघर्षात नेमके किती बळी गेले याविषयी मतभेद आहेत. परंतु गोळीने, उपासमारीने आणि औषधांवाचून मेलेल्यांची संख्या पंधरा ते वीस हजारांपर्यंत असावी, असे अनेक अंदाज सांगतात. बेटाची त्या वेळची लोकसंख्या दोन लाखांच्याही आत होती.

ज्याचे गाऱ्हाणे न्याय्य, त्याचे प्रत्येक कृत्य न्याय्य ठरत नाही. सप्टेंबर १९८९ मध्ये प्रांतिक सरकारातील मंत्री जॉन बिका यांची बंडखोरांनी हत्या केली. तडजोडीचा मार्ग शोधणे हा त्यांचा अपराध. तेही बोगनव्हिलचेच सुपुत्र होते. नाबोथाचा पक्ष घेताना हे झाकून ठेवणे सोयीचे असेल, पण ते सत्याला धरून होणार नाही. खरे तर नाकारलेल्या संमतीचे सर्वांत कटू फळ हेच की, ज्यांचे ऐकले गेले नाही ते पुढे आपल्याच माणसांचे ऐकेनासे होतात.

शांतता आली ती बरीचशी खालून. गावोगावच्या स्त्रियांनी, ख्रिस्ती मंडळ्यांनी आणि कुळांच्या वडीलधाऱ्यांनी अरण्यात जाऊन लढणाऱ्या मुलांना परत आणले. ज्या मातांना वाटाघाटीत स्थान नव्हते, त्यांनीच समेट घडविला. १९९७ मध्ये न्यूझीलंडमधील बर्नहॅम येथे युद्धविराम झाला, ३० ऑगस्ट २००१ रोजी आरावा येथे शांतता करार झाला आणि २००५ मध्ये स्वायत्त सरकार स्थापन झाले. २०१९ अखेरीच्या सार्वमतात ९७.७ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला.

कंपनीने काय केले? २०१६ साली रिओ टिंटोने आपले सुमारे ५४ टक्के भाग बोगनव्हिलचे सरकार आणि पापुआ न्यू गिनीचे सरकार यांच्यात वाटून दिले आणि हात झटकले. त्या काळचे सर्व नियम आपण पाळले होते, असे तिचे म्हणणे होते. ते खरेही असेल. मात्र नियम कोणी केले होते आणि कोणाला विचारून, हा प्रश्न त्या उत्तरात नव्हता. नदीकाठच्या लोकांनी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात तक्रार नोंदविली. त्यानंतर खाणीच्या दुष्परिणामांची स्वतंत्र पाहणी झाली आणि तिचा पहिला अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गाळ, पूर, खचणारी जुनी बांधकामे आणि दूषित पाणी यांमुळे माणसांच्या जीविताला व हक्कांना आजही बाधा पोहोचते, असे त्यात आढळून आले. म्हणजे खाण बंद होऊन पस्तीस वर्षे उलटली तरी नदीच्या लेखी ती सुरूच आहे.

पुन्हा तोच डोंगर

कहाणी येथे संपली असती, तर आपल्याला नाबोथाबद्दल हळहळून पुस्तक मिटता आले असते. पण ती एक वळण घेते आणि आपली नैतिक कसोटी तेथेच लागते. बोगनव्हिलला स्वातंत्र्य हवे आहे. त्यासाठी १ सप्टेंबर २०२७ ही तारीख तेथील नेत्यांनी समोर ठेवली आहे. स्वतंत्र राष्ट्र चालवावयाचे तर उत्पन्न हवे, आणि मोठ्या उत्पन्नाचे साधन पुन्हा तेच, पांगुना. २०२० मध्ये अध्यक्षपदी निवडून आलेले इश्माएल तोरोआमा हे एके काळचे बंडखोरांचे सेनानी. आज त्यांचेच सरकार खाण पुन्हा उघडू पाहते. २०२२ साली पांगुनाच्या जमीनधारकांच्या पुढाऱ्यांनी त्यास संमती दर्शविली. खाली राहणाऱ्या काहींना मात्र भीती वाटते की, जुनी जखम धुतलीही नाही आणि नवा घाव येत आहे.

येथे आपण काय म्हणावे? खाण म्हणजे पाप, तांबे म्हणजे लोभ, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु 'नाही' म्हणण्याचा हक्क ज्याला आहे, त्याला 'होय' म्हणण्याचाही असलाच पाहिजे. नाहीतर तो हक्क नव्हे, आपण त्याच्यावर लादलेले पावित्र्य होय. नाबोथाने विचारपूर्वक आपला मळा गावासाठी दिला असता, तर त्याला वतनद्रोही म्हणण्याचा अधिकार आपल्याला नव्हता. २०१५ साली बोगनव्हिलच्या विधिमंडळाने खाणविषयक कायदा केला. त्याने खनिजाचा हक्क परंपरागत जमीनधारकांकडे परत दिला आणि खाणीस नकार देण्याचा अधिकारही त्यांना दिला. १९६० च्या दशकात जे मागूनही मिळाले नव्हते, ते कागदावर तरी आज त्यांच्या हाती आहे.

कागदावर, असे मी जाणूनबुजून म्हणतो. स्वातंत्र्य हवे असेल तर खाण उघडा, असा पेच ज्यांच्यापुढे उभा आहे, त्यांचे 'होय' कितपत मोकळे? उपाशी माणसाने गहाणखतावर केलेला अंगठा कायद्याला पुरतो. विवेकाला पुरत नाही. म्हणून मला वाटते की, अशा संमतीची कसोटी एकच असू शकते. 'नाही' म्हटल्यास त्या माणसाचे काय होईल, हे पाहावे. नकार देऊनही जो सन्मानाने जगू शकतो, ज्याची नदी स्वच्छ होणे त्याच्या होकारावर अवलंबून नाही, त्याचाच होकार खरा. या न्यायाने जुन्या गाळाची सफाई हा नव्या कराराचा भाग असू नये. ते जुने ऋण आहे, ते बिनशर्त फेडले पाहिजे. जखमेवर मलमपट्टी करण्यासाठी जखमी माणसाकडून दुसऱ्या शेताचे खरेदीखत लिहून घेणे, याला भरपाई म्हणत नाहीत.

आपला वाटा

हे सारे हजारो मैलांवर घडले, आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो भिंतीच्या आतून धावतो. घरातील विजेची तार, पंख्यातील वेटोळे, आपल्या उपासना मंदिरातील घंटेचे कासे, या साऱ्यांत तांबे आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि सौर ऊर्जेची यंत्रे वाढत आहेत, तसतशी तांब्याची मागणीही वाढते आहे. पृथ्वीची हवा निर्मळ राहावी म्हणून जी साधने आपण वापरू, त्यांच्यासाठी कोणाचा तरी डोंगर मागितला जाईल. तांबे वापरू नये असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण ते स्वस्त कसे पडले, उरलेली किंमत कोणी भरली, हे विचारणे प्रत्येकाला शक्य आहे. आपल्यातील कोणी अभियंता असेल, कोणी अधिकारी, कोणी भागधारक, कोणी एखाद्या मंडळीच्या जमिनीचा विश्वस्त. कोणाच्या तरी जमिनीचा कागद केव्हातरी आपल्याही टेबलावर येईल. त्या दिवशी रक्कम पुरेशी आहे की नाही, हे पाहण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी : या माणसाला नाही म्हणता येत होते काय?

अहाबाच्या कथेत एलीया संदेष्टा राजापुढे उभा राहिला, तेव्हा फार उशीर झाला होता. मळा ताब्यात आला होता आणि नाबोथ मातीत गेला होता. एलीयाने राजाला किंमत विचारली नाही. पांगुनाच्या खड्ड्याच्या काठावर उभे राहूनही तो प्रश्न विचारता येत नाही. तेथील लोकांना आता एवढेच हवे आहे की, या वेळी कोणी तरी आधी विचारावे, आणि उत्तर ऐकेपर्यंत यंत्रे बंद ठेवावीत.